साळूबाई चार

कानिफनाथ झावरे याला नाटकाचा अनुभव किती, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर एकच होतं: गॅसबत्तीला हवा मारण्याइतका.

हिवरदऱ्याच्या जत्रेत दर साली ऐतिहासिक नाटक व्हायचं. तलवारी मोजक्या आणि भावकी मोठी, त्यामुळं कानिफच्या वाट्याला तलवार कधी आलीच नाही. तो विंगेत पाटावर बसायचा आणि बत्ती मंदावली की पंप मारायचा. एका साली ऐन लढाईत बत्ती विझली. अंधारात दोन्ही फौजांनी एकमेकांना खरोखरीच बडवून घेतलं आणि यंदा नाटक फार रंगलं, असं गावाचं मत पडलं. रंगभूमीला कानिफचं योगदान म्हणायचं तर तेवढंच.

आणि आता सुप्याला दोस्त सत्तारच्या सायकलच्या दुकानात उकिडवा बसून तो वर्तमानपत्रातली जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होता. विद्यापीठानं नाट्यशिक्षणाचा वर्ग काढला होता. उमेदवार पदवीधर पाहिजे. नाटकाचं आधीचं शिक्षण नसलं तरी चालेल. आवड पाहिजे, अनुभव असल्यास कळवावा. नगर जिल्ह्यातल्या मुलांच्या मुलाखती नगरलाच, एका शाळेच्या हॉलमध्ये.

"नाटकाचं शिक्षन?" सत्तार पंक्चर काढता काढता म्हणाला. "म्हंजी परीक्षेत रडू आलं न्हाई तर नापास?"

"तसंच कायतरी."

"मग आमच्या अब्बाला पाठव. गिऱ्हाइकानं भाव पाडला की डोळ्यात पानी आनतो. पह्यला नंबर काढंल."

"मस्करी नको. अनुभव काय लिहू ते सांग."

"खरं लिही."

"बत्तीला हवा मारली म्हणून?"

सत्तारनं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे येतात का ते बघत बसला. "हवा मी बी मारतो. मला कोन घेतंय विद्यापीठात? जरा वजनदार लिही."

तेव्हा कानिफनं लिहिलं, 'प्रकाशयोजना, सलग चार वर्षे.' लिहून झाल्यावर त्याला लाज वाटली. ही पहिली लाज. पुढच्या लाजांच्या मानानं ती अगदीच किरकोळ निघाली.

तसं बघितलं तर त्याच्या अंगात एक गोष्ट होती, पण ती अर्जात लिहिण्यासारखी नव्हती. गावात तिला खोड म्हणत. माणूस एकदा समोरून चालत गेला की त्याची चाल कानिफच्या पायांत शिरायची. तलाठ्याचं पोट पुढं आणि तलाठी मागं, देवळातल्या बुवांचं खाकरणं, काकासाहेब सरपंचांचं बोलण्याआधी आभाळाकडं बघून थांबणं, जणू वरून मंजुरी यायची आहे. सगळं आपोआप शिरायचं, आणि शिरलं की बाहेर काढल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. एकदा सरपंचांच्या मागून चालत तो सरपंचांचीच नक्कल करत होता. वडलांनी, सूर्यभानरावांनी, ती बघितली आणि भर चावडीपुढं त्याच्या कानाखाली आवाज काढला. "झावऱ्यांच्या घरात नकल्या निपजला," असं म्हणून ते त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळचं जेवले.

म्हणून त्याला जायचं होतं. ज्या गोष्टीबद्दल इथं कानाखाली बसते ती गोष्ट तिथं वर्गात शिकवतात, हे त्याला फारच आवडलं होतं. दुसरं काही आपल्याला येत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. बी.ए. झाला होता, पण बी.ए. होणं म्हणजे काही येणं नव्हे.

ते साल दुष्काळाचं होतं. विहिरीत वाकून बघितलं तर विहीरच उलटी वर बघून विचारायची, काही मिळालं का म्हणून. सरकारनं कामं काढली होती: हिवरदऱ्याला पाझर तलावाचं, आणि खिंडीपलीकडं कातळगावला रस्त्यासाठी खडी फोडण्याचं. सगळं गाव कामावर गेलं. सगळं म्हणजे, ज्यांच्या दारात बैलजोडी आणि नावामागं 'राव' होता ती आठ-दहा घरं सोडून. त्या घरांतल्या बायांनी टिकावाला हात लावायचा नाही, चूल पेटो न पेटो.

पुढं चूल खरंच पेटेना, तेव्हा त्या घरांनी तोड काढली. हिवरदऱ्याच्या मोठ्या घरच्या बाया खिंड ओलांडून कातळगावच्या कामावर जाऊ लागल्या. तिथं कोण ओळखतंय? आणि कातळगावच्या मोठ्या घरच्या बायांनी, हाच विचार करून, हिवरदऱ्याची वाट धरली. रोज सकाळी खिंडीत दोन्ही रांगा समोरासमोर यायच्या. तेव्हा यांनी डोंगराकडं तोंड करायचं आणि त्यांनी दरीकडं. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण एक दिवस चुकला नाही. दोन्ही गावांत निम्म्या सोयरिकी. जावा, नणंदा, विहिणी एकमेकींच्या पदराला पदर घासून जायच्या आणि महिनोन्महिने कुणाला कुणी दिसलं नाही.

त्या रांगेत कानिफची आई होती, चांगुणाबाई. घरात मात्र ती कामावर जात नव्हती. घरात ती माहेरी जात होती. तिचं माहेर कातळगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर, त्यामुळं वाट तीच. ती सकाळी माहेरी जायची आणि दिवस मावळताना माहेराहून परत यायची. वडील ओसरीवर बसलेले असायचे.

"दादा बरा हाय का?" ते विचारायचे.

"बरा हाय."

दादा म्हणजे कानिफचा मामा. तो वस्तीवरच्या घराला कुलूप लावून पुण्याला जाऊन किती दिवस झाले होते. त्याला एसटीत बसवून द्यायला वडील स्वतःच गेले होते. आई पदराखालून सुकडीचं गाठोडं काढायची. सरकार कामावरच्या मजुरांना वाटायचं तेच गोड पीठ. वडील त्यातली मूठभर तोंडात टाकून म्हणायचे, "तुज्या माहेरची मानसं सुकडी लई चांगली करत्यात."

आणि कानिफ? पदवीधराच्या हातात टिकाव शोभत नाही, असं आईचंच म्हणणं होतं. तो घरी बसून, माहेराहून आलेली सुकडी खाऊन, मन लावून बेकार होता.

वडील देवळाकडं गेले की भाकरी थापता थापता आई त्याला कामावरच्या गमती सांगायची. त्या एकट्यालाच. पहिल्या दिवशी मुकादमानं टेबल मांडून नावं विचारायला सुरुवात केली. खरं नाव सांगावं तर घराण्याची अब्रू. पहिल्या बाईनं घाबरून ठोकून दिलं, 'साळूबाई.' दुसरीला ऐन वेळी वेगळं नाव सुचेना, तिनंही साळूबाई. तिसरीनंही तेच. चांगुणाबाईनं खिंडीतून येताना चांगलं एक नाव ठरवलं होतं. टेबलापुढं उभी राहिली तर ते विसरलं आणि तिच्याही तोंडातून साळूबाईच निघालं. मुकादमानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शेवटी नंबर दिले. तेव्हापासून ती साळूबाई चार. 'साळूबाई चार!' अशी आरोळी आली की म्हणायचं, 'हजर.'

"आन् सातवी साळूबाई कोन म्हाईत हाय का?" आई म्हणाली. "तुज्या आत्याची सासू!" एवढं सांगून ती तोंडात पदर कोंबून इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. मग करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

दुसरी एक गोष्ट सांगताना मात्र ती हसली नाही. खिंडीत तिच्या पायात काटा मोडला होता. समोरच्या रांगेतली एक बाई खाली बसली, तिचा पाय मांडीवर घेतला, काटा काढला आणि दरीकडं तोंड ठेवूनच निघून गेली. "कोन हुती, काय म्हाईत," आई म्हणाली. "मी बी बघितलं न्हाई."

मुलाखतीच्या दिवशी हॉलमध्ये टेबलामागं तिघं बसले होते. मधोमध जाड भिंगांचा चष्मा लावलेले मोठे सर, शेजारी सुती साडीतल्या बाई, आणि कडेला एक दाढीवाले, जे काहीच न बोलता लवंग चघळत होते. दारात नावं पुकारायला शिपाई. बाकीची मुलं नगरची, तयारीची. एकानं तर स्पर्धेत मिळालेला कप बरोबर आणला होता आणि तहान लागल्यावर त्यातूनच पाणी प्याला.

"प्रकाशयोजना," मोठ्या सरांनी कानिफचा अर्ज वाचला. "वा. काय साधनं होती तुमच्याकडं?"

"पेट्रोमॅक्स."

दाढीवाल्यांची लवंग थांबली.

"बरं," सर म्हणाले. "काहीतरी करून दाखवा."

कानिफनं जत्रेच्या नाटकातलं सरदाराचं मरतानाचं भाषण तयार केलं होतं. अडचण एवढीच, की ते त्यानं विंगेत बसून पाठ केलेलं. जी वाक्यं बत्तीला हवा मारताना म्हटली गेली ती त्याला कधी ऐकूच आली नव्हती. त्यामुळं "महाराज, हा देह" इथपर्यंत तो मोठ्या आवेशात गेला, मग नुसताच हात हलवत राहिला आणि एकदम "म्हणून म्हणतो, घोडं आणा!" इथं निघाला.

"थांबा, थांबा. मरताना घोडं कशाला?"

"ते मलापण कळलेलं नाही सर."

कपवाला मुलगा दाराआडून खिदळला. कानिफचे कान तापले. आता 'या' म्हणतील, आणि मग हिवरदरा, ओसरी, सुकडी. जन्मभर सुकडी. पण बाईंना त्याची कीव आली असावी.

"भाषण राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलेलं एखादं माणूस करा. रोजच्या बघण्यातलं. कुणीही."

कुणीही म्हटल्यावर तलाठी होता, बुवा होते, सरपंच होते. पण कानिफच्या पायांनी त्याला विचारलं नाही. त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, हनुवटीपर्यंत ओढला आणि तो खिंड चढू लागला.

डोंगराकडं तोंड, दरीकडं तोंड. टेबल, मुकादम, टोपी, डोकं खाजवणं. साळूबाई एक, साळूबाई दोन, साळूबाई तीन. "साळूबाई चार!" "हजर." मोठे सर चष्मा काढून डोळे पुसू लागले. दारातला शिपाई नावं पुकारायचं सोडून आत येऊन उभा राहिला. काटा काढणारी बाई आणि काटा काढून घेणारी बाई, दोघी दोन दिशांना बघत पाय शोधतायत, हे कानिफनं असं केलं, की दाढीवाल्यांना लवंगेचा ठसका लागला. मग ओसरी. "दादा बरा हाय का?" "बरा हाय." बाईंनी टेबलावर डोकंच टेकवलं.

जन्मात पहिल्यांदा नक्कल केली म्हणून त्याच्या कानाखाली बसली नव्हती. उलट माणसं रुमाल शोधत होती. त्याला चेव चढला. मग जे झालं नव्हतं तेही त्यानं घातलं. साळूबाई चारला मुकादमाच्या पाया पाडलं. तिच्या डोक्यावरचं घमेलं पाडलं. पदर सावरता सावरता तिची सुकडी मातीत सांडायला लावली आणि इकडंतिकडं बघून ती मातीसकट खायला लावली. आई कधी कुणाच्या पाया पडली नव्हती. तिनं सुकडीचा कण सांडला नव्हता. पण हशा मोठा होता, आणि हशाला कळत नाही कुठं थांबायचं ते.

बाई हसता हसता थांबल्या. "फार जवळून बघितलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "कोण या?"

कानिफच्या डोक्यावर अजून टॉवेल होता. त्यानं तो काढला.

"शेजारची बाई आहे," तो म्हणाला.

"आणि तो नवरा?"

"तोपण शेजारचाच."

तिघांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. नाटकाचं शिक्षण नाही, अनुभव बत्तीचा, तरी घ्यायचं, असं ठरलं. फक्त पुढच्या आठवड्यात पालकाला समक्ष घेऊन यायचं. कारण मागाहून आईबाप येतात, पोराला नाटकात घातलं म्हणून ओरडतात आणि दंडाला धरून घेऊन जातात, असा सरांचा अनुभव होता.

बाहेर आल्यावर कपवाल्यानं त्याला हात मिळवला. "साळूबाई भारी होती हां!" कानिफनं हात लवकर सोडवून घेतला. सुप्यापर्यंतच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली, पण सबंध रस्ताभर त्यानं बाहेर बघितलं नाही. समोरच्या बाकाचा पत्रा बघत आला. शेजारची बाई. किती सहज निघालं! मरताना घोडं मागणारं ते एवढं मोठं भाषण पाठ करून अर्धं विसरलं, आणि हे मात्र पाठ न करता तोंडात तयार होतं.

घरी त्यानं पालकाचं सांगितलं. सूर्यभानरावांनी भिंतीकडं तोंड केलं.

"मी येनार न्हाई," ते म्हणाले. "मी आलो तर मला म्हाईत हाय, असं हुईल. न्हाई आलो तर पोरगा नाटकात गेला काय आन् कुटं गेला काय, मला काय म्हाईत?"

न कळणं, हीच त्यांची घर चालवायची पद्धत होती, आणि घर चाललं होतं.

"मग मी जाते," आई म्हणाली. "माहेरी चाललेच हाय. जरा लांबनं जाते."

"नगरवरनं?"

"नगरवरनं."

"दादाला रामराम सांग," वडील म्हणाले आणि उठून देवळाकडं गेले.

कानिफनं आठवडाभर आईला टाळायची खटपट केली. सत्तारच्या अब्बांना, पीरमहंमदचाचांना, पालक म्हणून न्यायचं त्यानं जवळजवळ पक्कं केलं होतं. चाचा तयारही झाले. त्यांनी डोळ्यांत पाणी आणूनही दाखवलं. पण सत्तार म्हणाला, "तिथं त्यांना झावरे म्हनून हाक मारली आन् त्यांनी वळून बी बघितलं न्हाई, तर?" मग कानिफ आईला म्हणाला, ऊन फार आहे, गाडीला गर्दी असते, तू कशाला दगदग करतेस.

आई टोपल्यात भाकरी ठेवत होती. ती थांबली. "का रं? माजी लाज वाटती व्हय तिथं?"

"न्हाई."

हे खरं होतं. लाज वाटत होती, पण तिची नव्हे. हे तिला समजावून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तो गप्प बसला, आणि गप्प बसणं तिला होकारासारखं दिसलं. तरी ती आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली.

हॉलमध्ये टेबल तिथंच होतं. टेबलामागं तेच तिघं. शिपायानं "झावरे, पालकासह" असं पुकारलं आणि कानिफ आईला घेऊन आत गेला. ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली, पदर पुढं ओढून, नजर खाली. मोठे सर कागदात बघत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "नाव?"

एवढे महिने रोज सकाळी ती असल्याच टेबलासमोर उभी राहत होती, आणि टेबलामागचा माणूस असाच, वर न बघता, तोंड उघडत होता.

"साळूबाई चार," आई म्हणाली. "हजर."

दारातला शिपाई फिस्सकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. सरांनी मान वर केली. बाईंनी आधी आईकडं बघितलं, मग कानिफकडं, आणि मग खाली स्वतःच्या हातांकडं. दाढीवाल्यांची लवंग गालात तशीच राहिली. आठवड्यापूर्वी टेबलावर डोकं टेकून हसलेली माणसं, आता त्यांना आपलं तोंड कुठं ठेवावं ते कळेना. कानिफला तर हात, पाय, तोंड, काहीच कुठं ठेवता येईना.

"न्हाई न्हाई," आई गडबडली. "चुकलं. चांगुणा. चांगुणा सूर्यभान झावरे. त्ये आपलं, सवय झाली, सायेब."

मोठे सर खुर्चीतून उठले. दुसरी खुर्ची त्यांनी स्वतः ओढून आणली. "बसा, आई."

असल्या टेबलापुढं तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर, कधीही उठता येईल अशी बसली. पोरानं नाटक शिकायला तिची हरकत आहे का, हे सरांनी विचारलं, त्याला तिनं मान हलवली. तो नीट राहील ना, जेवायचं काय, हे तिनं विचारलं, त्याला सरांनी मान हलवली. मग ती जरा मोकळी झाली.

"एक इचारू का? ह्यानं इथं काय करून दावलं म्हनं? मला सांगत न्हाई."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कानिफनं छताकडं बघितलं. आणि मग आजवर एक शब्द न बोललेले दाढीवाले बोलले.

"सरदाराचं काम केलं. घोड्यावरचं."

"फार छान केलं," बाई म्हणाल्या, टेबलाकडं बघून.

"घोड्यावरचं?" आई म्हणाली. "त्यानं घोडं कुटं बघितलंय?"

"म्हणूनच तर," मोठे सर म्हणाले. त्यांनी समोरचे कागद सारखे केले.

तिघंही नाटक शिकवणारे, पण काम फार कच्चं झालं. त्याहून पक्कं काम आई रोज संध्याकाळी ओसरीवर बघत होती. तिनं तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं, "बरं हाय, येते," म्हणाली आणि उठली.

बाहेर शाळेच्या आवारात लिंबाखाली पार होता. आई पारावर बसली. कानिफ उभाच राहिला.

"त्यो शिपाई का हासला रं?"

कानिफनं पायानं एक लिंबोळी सरकवली.

"मी साळूबाई म्हनले, म्हून हासला. पन त्याला काय म्हाईत साळूबाई?" ती बोलत बोलत थांबली. कानिफला वाटलं, इतक्यात पडलं तर बरं, झाड, शाळा, काहीतरी. "माजं करून दावलंस व्हय?"

त्यानं मान डोलावली.

"हासले?"

"हासले."

"लई?"

"लई."

तिनं हात उगारला असता तर त्याला सोपं गेलं असतं. कानाखालचं त्याला अंगवळणी पडलं होतं. पण ती नुसती बसून होती. मग तिनं विचारलं, "नाव सांगितलंस?"

"न्हाई. शेजारची बाई म्हनलो."

आईनं श्वास सोडला. "बरं केलंस," ती म्हणाली.

कानिफला हे सगळ्यांत जोरात लागलं. आठवडाभर ज्या गोष्टीनं त्याला घास गिळू दिला नव्हता, ती गोष्ट आईनं शहाणपणाची म्हणून पदरात बांधून घेतली. झावऱ्यांचं नाव वाचलं. पोरगा घरचा शोभला.

पण आईचा विचार अजून संपला नव्हता.

"कानिफ," ती म्हणाली, "आपल्याला शेजार एकच हाय."

तो खरंच एक होता. एका बाजूला गोठा आणि एका बाजूला मुक्ताबाई. मुक्ताबाई एकटी बाई. ती आपल्याच गावच्या तलावावर जायची, उघड्या तोंडानं, स्वतःचं नाव सांगून.

"म्हंजी मुक्ताबाईवर गेलं की रं हे," आई म्हणाली. "ती बिचारी कुनाला भीत न्हाई, खरं नाव सांगून घमेलं उचलती. आन् तिला तू साळूबाई केलंस? तिच्या नावानं हासली ती मानसं?"

"त्यांना कुठं म्हाईत मुक्ताबाई."

"आपल्याला म्हाईत हाय न्हवं? जा. सांगून ये त्यास्नी, शेजारीन न्हवती म्हनावं."

"मग कोन हुती म्हनू?"

"ते मला काय इचारतोस?" आई म्हणाली.

कानिफ परत आत गेला. व्हरांडा त्याला फार लांब वाटला. त्यांना आधीच कळलंय, हे त्याला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं. एवढे दिवस त्याच्या घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कुणी काही सांगत नव्हतं. तो दारापाशी थांबला. वाक्य तयार केलं. लहान वाक्य होतं, घोडं-बिडं काही नव्हतं त्यात. मग आत शिरला.

हॉल रिकामा होता. तिघंही पलीकडच्या दारानं जेवायला गेले होते. शिपाई एकटा खिडक्या लावत होता.

"सायबलोक गेले," शिपाई म्हणाला. "काय राहिलं का?"

परत फिरता आलं असतं. कुणीच नव्हतं, असं आईला सांगता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं.

"त्या दिवशी मी ती बाई केली होती ना," कानिफ म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "ती शेजारची नव्हती. माझी आई होती. आणि ती कधी कुणाच्या पाया पडली नाही. सुकडी सांडली नाही. ते मी घातलं."

शिपायानं त्याच्याकडं बघितलं. मघाशी हसला तो हाच माणूस. तो आता हसला नाही. पण काही फार हेलावला, असंही दिसलं नाही.

"बरं," शिपाई म्हणाला. मग थोडं थांबून, "ती खिडकी वढ जरा. अडकती."

कानिफनं खिडकी ओढली. ती खरंच अडकत होती. दोघांनी मिळून लावली.

तो बाहेर आला तेव्हा आई पारावर तशीच बसली होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"कोन म्हनून सांगितलंस?"

कानिफनं तोंड उघडलं, पण मघाशी रिकाम्या हॉलमध्ये निघालेला शब्द इथं, तिच्यासमोर, निघेना. त्यानं नुसतं तिच्याकडं बोट केलं.

आईनं ते बोट बघितलं. "काय म्हनले?"

"बरं म्हनले."

"मग झालं," ती म्हणाली. तिनं उठायला हात वर केला आणि आधाराला त्याचा खांदा धरला. सदऱ्याच्या कापडातून तिच्या तळव्याचे घट्टे त्याला लागले, खडीसारखे. ती उठून नीट उभी राहीपर्यंत त्यानं खांदा हलू दिला नाही. ती उभी राहिली, पदर सारखा केला, तरी तो तसाच, मान खाली, पाठीला बाक काढून.

"सरळ हो की," आई म्हणाली. "आता कुनाची नक्कल करतोयस?"

"कुनाची न्हाई," कानिफ म्हणाला आणि तसाच वाकून तिच्या मागून स्टँडकडं चालू लागला.